पाच तासांचं ओझं आणि पुढची खुर्ची

पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका ३७ वर्षांच्या आहेत. एका व्यावसायिक ऑर्केस्ट्रात ११ वर्षं व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) वाजवतात, बसतात तिसऱ्या डेस्कवर, म्हणजे दोघींत एक स्टँड असलेल्या तिसऱ्या जोडीत. आठवड्यातून चार दुपारी शिकवण्या असतात, शिवाय मैत्रिणींबरोबर एक स्ट्रिंग क्वार्टेट आहे. त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे व्हायोलावादकांच्या गटाचे, लीडर निवृत्त होत आहेत आणि त्या जागेसाठी पाच महिन्यांनी ऑडिशन आहे.

त्या लिहितात: "शिकत असताना मी रोज पाच तास वाजवायचे. आता स्वतःचा असा सराव तासभर झाला तरी खूप. तालमीहून घरी आले की केस उघडावीशी वाटत नाही, आणि न उघडता झोपले तर अपराधी वाटतं. डाव्या खांद्यापासून मानेपर्यंत दुखतं, ते आता सवयीचं झालंय. खरं तर व्हायोला मी आवडीने निवडलाच नाही. सतराव्या वर्षी व्हायोलिनच्या वर्गात गर्दी होती, व्हायोलाला कोणी नव्हतं, म्हणून शिक्षकांनी मला तिकडे वळवलं. अशी व्यक्ती लीडर होऊ शकते का? नवरा म्हणतो, दिवसभर वाजवतेसच की, अजून किती? मला दोनच वाटा दिसतात. तीन महिने बिनपगारी रजा घेऊन पूर्वीसारखा पाच-सहा तास सराव करायचा, नाहीतर अर्जच करायचा नाही. माझी डेस्क-पार्टनरही अर्ज करणार असं कानावर आलंय. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही."

उत्तर

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी आधी बाजूला काढते: "दुखतं, ते आता सवयीचं झालंय." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, अपराधी वाटणं आणि व्हायोलिनचा वर्ग यांच्या मध्ये. माझ्या उत्तरात मात्र ते पहिलं येणार, कारण ते सुटल्याशिवाय रजा, तास, अर्ज, कशालाच अर्थ नाही.

व्हायोला हे मुळातच तडजोडीचं वाद्य आहे. व्हायोलिनपेक्षा पाच स्वर खाली लागलेल्या तारांना शोभेल एवढं खोकं करायचं तर ते हनुवटीखाली धरताच येणार नाही. म्हणून व्हायोलिनच्या खोक्याची लांबी साधारण १४ इंचांवर ठरून गेली, पण व्हायोला १५ पासून १७ इंचांपर्यंत कुठेही सापडतो, आणि प्रत्येक वादक आवाज आणि खांदा यांच्यात आपापला सौदा करतो. लायोनेल टर्टिस हे व्हायोलाला एकल वाद्य म्हणून उभं करणारे वादक. त्यांनी स्वतः आखलेल्या नमुन्याची लांबी पावणेसतरा इंच ठेवली होती. तुमचं वाद्य किती इंचांचं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. सतराव्या वर्षी जे हाताला लागलं तेच आजही वाजवताय का? चिनरेस्टची, म्हणजे हनुवटी टेकवायच्या पट्टीची, उंची शेवटची कधी तपासली? मान लांब आणि चिनरेस्ट बुटका असेल तर ती फट भरून काढायला डावा खांदा वर उचलला जातो. तासन् तास तसाच उचललेला राहिला की 'सवय' होते.

यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तुम्ही एकट्याही नाही. ऑस्ट्रेलियातल्या आठ व्यावसायिक ऑर्केस्ट्रांमधल्या वादकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के वादकांना वाजवण्यात अडथळा येईल इतकं दुखणं कधी ना कधी झालेलं होतं. या धंद्यात दुखणं नेहमीचंच आहे, पण म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. वादकांना तपासण्याचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट शोधा, आणि जाताना व्हायोला, गज, शोल्डर रेस्ट सगळं घेऊन जा. नुसता खांदा दाखवून उपयोग नाही, वाजवणारा खांदा दाखवायला हवा. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, रात्री दुखून जाग येत असेल, तर हे पत्र वाचून होण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.

कानांचंही लगेच सांगून टाकते. व्हायोलाच्या पाठीशी बऱ्याचदा ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) नाहीतर वुडविंड (बासरी, ओबोसारखी फुंकवाद्यं) असतात. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नरच्या तालमीत ब्रासच्या पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाचे कान कायमचे दुखावले. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालाने कान परत येत नाहीत. वादकांसाठीचे मापाने बनवलेले इअरप्लग वापरत नसाल तर सुरू करा.

आता तासांकडे येऊ.

"दिवसभर वाजवतेसच की" हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सकाळी तीन तास तालीम, दुपारी विद्यार्थ्यांना वाजवून दाखवणं, संध्याकाळी कार्यक्रम किंवा क्वार्टेट. यातलं 'नोकरीचं' कुठलं आणि 'स्वतःचं' कुठलं हे तुमच्या खांद्याला कळत नाही. ब्रुकनरच्या सिंफनीत सलग ट्रेमोलो (एकाच स्वरावर गज भराभर थरथरवणं) करून घरी आलेल्या हाताने वर दोन तास स्केल करायच्या, याला मेहनत म्हणायचं की स्वतःवरचा राग, हे तुम्हीच ठरवा. म्हणजे शरीराचे तास तुमचे आधीच भरलेले आहेत, कदाचित पूर्वीपेक्षा जास्तच.

पण उरलेलं अर्धं त्याला बाहेरून दिसणार नाही. तालीम म्हणजे सराव नव्हे. तालमीत आपण निभावून नेतो. अवघड पॅसेज आला की शेजारच्यांच्या आवाजात आपला आवाज थोडा मागे घ्यायचा, गज जरा तारेलगतच ठेवायचा, एखादा स्वर गिळायचा, आणि पुढच्या बारला (तालाच्या पुढच्या मापाला) पुन्हा हजर व्हायचं. हे कौशल्यच आहे, त्याशिवाय ऑर्केस्ट्रा चालणार नाही. पण ११ वर्षं निभावून नेलेल्या जागा हातात तशाच बसून जातात. तुमच्या मनातली ती टोचणी अगदीच खोटी नाही. काहीतरी निसटतंय हे तुम्हाला ऐकू येतंय. चूक एवढीच की त्याचं उत्तर तुम्ही तासांत शोधताय.

पाच तासांच्या सरावाभोवती संगीताच्या शाळांमध्ये एक भक्तिभाव असतो. त्याला आधार म्हणून १९९३ च्या एका संशोधनाचं नाव नेहमी घेतलं जातं. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर ते केलं होतं. निष्णात व्हायला दहा हजार तास सराव लागतो, हा प्रसिद्ध आकडा तिथूनच उचललेला. प्रत्यक्षात तो सर्वांत चांगल्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची सरासरी होती, पात्रतेची रेषा नव्हे. शिवाय त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: ते उत्तम विद्यार्थी सराव तुकड्यातुकड्यांनी करत, मध्ये विश्रांती घेत, आणि बाकीच्यांपेक्षा जास्त झोपत. शिवाय ते विशी-बाविशीतले विद्यार्थी होते. त्यांना दुपारी शिकवण्या आणि रात्री कार्यक्रम नव्हते.

पाट्या तालमीतही टाकता येतात आणि घरच्या सरावातही. घरच्या पाट्या जास्त फसव्या, कारण तिथे तास मोजून समाधान करून घेता येतं. तुमच्या पत्रात मला सराव दिसला नाही, प्रायश्चित्त दिसलं. केस उघडली तर पुण्य, नाही उघडली तर पाप. अशा मनाने उघडलेल्या केसमधून सहसा स्केल, तोच कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) पहिल्या बारपासून, आणि घड्याळाकडे नजर, एवढंच निघतं.

म्हणून बिनपगारी रजेला माझा स्पष्ट नकार आहे. तासावरून एकदम सहा तासांवर उडी मारली तर दुखऱ्या खांद्याचं काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटणारं कारण असं की तीन महिन्यांचा पगार सोडून दिलात की ती ऑडिशन एक ऑडिशन राहणार नाही. त्या दहा मिनिटांवर घरखर्च, नवऱ्याचा समजूतदारपणा आणि तुमची ११ वर्षं, सगळं लादलं जाईल. एवढं ओझं घेऊन पियानिस्सिमो, म्हणजे अगदी हळुवार, वाजत नाही. फार तर शेवटचा एक आठवडा हलका करून घ्या. क्वार्टेटच्या मैत्रिणींना आधी सांगून ठेवा, दोन शिकवण्या पुढे ढकला. तेवढं पुरे.

'अर्जच करायचा नाही' ही दुसरी वाट तुम्ही व्हायोलिनच्या वर्गाच्या गोष्टीला टेकवून ठेवली आहे. ती गोष्ट जरा तपासू. आपण या वाद्याकडे प्रेमाने आलो नाही, गर्दीतून ढकलले गेलो, म्हणून आपण खऱ्या व्हायोलावादक नाही, असा तो युक्तिवाद. या हिशेबाने टर्टिसही बाद होतात. ते व्हायोलिन शिकत होते. लंडनच्या रॉयल अकॅडमीत क्वार्टेटला व्हायोला कमी पडत होता म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्यांनी तो हातात घेतला. विल्यम प्रिमरोझ व्हायोलिन वाजवता वाजवता इकडे आले, आणि पुढे संगीतकार बार्टोककडे व्हायोला कॉन्चेर्तो मागणारे तेच. या वाद्याचा इतिहास अशा वळवलेल्या माणसांनीच भरलेला आहे. सतराव्या वर्षीची ती सुरुवात तुम्ही निवडली नव्हती, मान्य. पण त्यानंतर वीस वर्षं दर सकाळी केस उचलून तालमीला कोण गेलं? तेही शिक्षकांनी ढकललं म्हणून?

टर्टिस यांचंच आणखी एक सांगते. विल्यम वॉल्टन यांनी आपला व्हायोला कॉन्चेर्तो त्यांना पाठवला, आणि त्यांनी तो परत केला. नव्या वळणाचं ते संगीत त्यांना पटलं नाही. १९२९ मध्ये पहिल्यांदा तो वाजवला पॉल हिंडेमिथ यांनी. पुढे टर्टिस यांना आपला नकार चुकला असं वाटलं आणि त्यांनी तो कॉन्चेर्तो स्वतःही वाजवला. नकार द्यायला हरकत नाही, पण तो पाहून-पारखून द्यावा. तुम्ही तर अजून पाकीटच उघडलेलं नाही.

मग पाकिटात काय आहे? मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे की लीडरची जागा तुम्हाला हवी आहे का, याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. आपण लायक आहोत का, एवढंच विचारलंय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला हा प्रकार आहे. हवी असेल तर तसं म्हणा. नको असेल, फक्त 'आता पुढे जायला हवं, वय वाढतंय' म्हणून बघत असाल, तर तेही म्हणा.

कारण ती जागा म्हणजे 'तुमच्यापेक्षा चांगलं वाजवणाऱ्याची खुर्ची' नव्हे, वेगळंच काम आहे. पहिल्या व्हायोलिनच्या लीडरने ठरवलेल्या गजाच्या दिशा आपल्या सेक्शनला कशा बसवायच्या, डिव्हिझी (सेक्शनने विभागून वाजवायच्या ओळी) कशी वाटायची, कंडक्टरला नेमकं कधी विचारायचं आणि कधी गप्प बसायचं. उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याशी बोलायचं, तेही काल ज्याच्याबरोबर हसत चहा घेतला त्याच्याशी. रिखार्ड श्ट्राउसच्या 'डॉन किहोटे'मध्ये सांचो पांझा होऊन एकट्याने बडबडायचं. एल्गारच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मध्ये 'इझोबेल' आली की सोलो वाजवायचा. तो भाग एल्गारने आपल्या एका व्हायोला शिकणाऱ्या मैत्रिणीवर लिहिला आणि तारा ओलांडण्याचा तिचा सरावच त्यात घातला. (सरावावर चिडलेल्या प्रत्येकाने तो एकदा ऐकावा.) आणि उरलेला बहुतेक वेळ? तेच, जे आज करताय. मधल्या आवाजात, न दिसता.

व्हायोला कोणाला ऐकू येत नाही, त्याला मान मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. संगीतकार बेर्लिओझने 'हॅरल्ड इन इटली' ही एकल व्हायोला असलेली रचना लिहायला घेतली ती प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीच्या सांगण्यावरून. पहिला भाग पाहून पागानिनी नाराज झाला, कारण व्हायोलाला विराम फार होते आणि त्याला सतत वाजवायचं होतं. १८३८ मध्ये, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर चार वर्षांनी, त्याने ती रचना प्रत्यक्ष ऐकली, बेर्लिओझपुढे गुडघे टेकले आणि त्याला वीस हजार फ्रँक दिले. तुम्हाला लीडर व्हायचंय ते तुमचा आवाज लोकांना जास्त ऐकू यावा म्हणून असेल, तर विरामांचा हिशेब आधी करून घ्या.

हे कळायला एक सोपा उपाय आहे. पुढचे दोन आठवडे तिसऱ्या डेस्कवर बसूनच लीडरचं काम मनात करा. तालमीआधी पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिखाण) वाचा, फक्त आपला पार्ट नको. प्रत्येक प्रवेशाआधी ठरवा: मी असते तर गजाच्या कुठल्या भागात सुरू केलं असतं, श्वास कधी घेतला असता, चेलोच्या लीडरकडे पाहिलं असतं की ओबोकडे. मग पुढे काय घडतं ते बघा. 'मी वेगळं केलं असतं' असं वाटून मजा येत असेल तर अर्ज करा. नुसता वैताग येत असेल, किंवा तिसऱ्या बारला लक्ष उडून जात असेल, तर तुम्हाला खुर्ची नको आहे, बहुधा फक्त नवं काहीतरी हवं आहे. ते क्वार्टेटमध्येही मिळेल.

यात तुमची जमेची बाजू तुम्ही मोजलेलीच नाही. मागच्या डेस्कवर बसणाऱ्याला पुढचा आवाज उशिरा पोचतो. कानाने वाजवायला गेलात तर मागे पडता, म्हणून तुम्ही ११ वर्षं डोळ्याने वाजवायला शिकला आहात: लीडरचं कोपर, गज उचलल्याचा क्षण, पाठीचा कल. कुठल्या इशाऱ्याने मागच्या माणसाला धीर येतो आणि कुठला इशारा फक्त पुढच्या रांगेपुरता असतो, हे तुम्हाला पाठ आहे. बाहेरून येणाऱ्या, उत्तम वाजवणाऱ्या एखाद्या तरुण उमेदवाराला ते शिकायला काही वर्षं लागतील.

बरं, अर्ज करायचा ठरलं असं धरून चालू. पाच महिने, दुखरा खांदा, रोजचा जेमतेम एक तास. एवढ्यात काय होतं? बरंच होतं, पण तो तास तोडावा लागेल.

दुहेरी तालमीच्या दिवशी वाद्य वाजवून सराव करू नका. अगदी शून्य. त्या दिवशी पार्ट घेऊन बसा, पॅसेज म्हणून बघा, बोटं मनात ठेवा. बाकीच्या दिवशी पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये वाद्य खाली. प्रत्येक बैठकीला एकच प्रश्न, आणि तो वाजवण्याआधी कागदावर लिहिलेला. 'मेंडेल्सोन स्केर्त्सो' (त्याची एक जलद, हलकी रचना) हा प्रश्न नाही. 'उडत्या गजात सी तारेवर गेले की लय का मागे पडते' हा प्रश्न आहे.

तो स्केर्त्सोच घेऊ, कारण ऑडिशनला वाजवायच्या तुकड्यांच्या यादीत तो हमखास असतो. फोनवर आठ बार रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. व्हायोलाची जाड तार व्हायोलिनच्या तारेसारखी चटकन बोलत नाही. गज पडतो वेळेवर, स्वर निघतो किंचित उशिरा, आणि वाजवणाऱ्याला तो वेळेवरच वाटतो कारण हाताने काम वेळेवर केलेलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये उघडं पडतं. मग गज तारेवर ठेवूनच, अगदी सावकाश, फक्त स्वराची सुरुवात ऐकत वाजवा: व्यंजन आधी, मग स्वर. जोर लावू नका, दंडाचं वजन सोडा. खालच्या तारेवर जाताना कोपर स्वराच्या आधी पोचलंय का ते आरशात बघा. वेग वाढवायचा तो हे जमल्यावर. पंचवीस मिनिटं संपली की थांबा, अर्धवट वाटलं तरी. दुसऱ्या बैठकीला श्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान किंवा बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतल्या संथ भागाची सुरुवात. तिथे चेलो बरोबर असतात, ऑडिशनमध्ये नसतील, आणि ती ओळ एकट्याने वाजवताना विचित्र उघडी वाटते. सगळं पहिल्या बारपासून वाजवत बसण्याचा मोह टाळा. तुकडे आलटून पालटून घ्या, कारण ऑडिशनमध्येही तसेच येणार आहेत.

सुराबद्दल एक खास व्हायोलावादकांची अडचण आहे. कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला) गांधार पुष्कळदा मधल्या आवाजांकडे येतो, आणि कॉर्ड शुद्ध वाजावी म्हणून तो पियानोच्या गांधारापेक्षा किंचित खाली, साधारण १४ सेंट (पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले १४), ठेवायची तुमच्या कानाला सवय झालेली असते. सेक्शनमध्ये आणि क्वार्टेटमध्ये हेच तुमचं सोनं. पण ऑडिशनच्या खोलीत कॉर्ड नसते. श्टामिट्झ किंवा होफमाइस्टरचा कॉन्चेर्तो एकट्याने वाजवताना तोच स्वर 'खाली' वाटू शकतो. म्हणून कॉन्चेर्तो आठवड्यातून एकदा तरी पियानोबरोबर वाजवा, आणि एरवी तानपुऱ्यासारखा एकच स्वर लावून त्यावर तपासा.

शेवटच्या सहा आठवड्यांत न थांबता वाजवण्याची सवय करा. जिने चढून या, धाप लागलेली असतानाच केस उघडा, ट्यून करा आणि पहिल्या प्रयत्नात यादी वाजवा, चुकलं तरी पुढे चला. गज थरथरणं हे शरीराचं काम आहे, तुमच्या लायकीबद्दलचं मत नव्हे. काहीजण बीटा-ब्लॉकरची गोळी घेतात. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच, दम्याचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगून, आणि ऑडिशनच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तर नकोच. मी स्वतः ऑडिशनला परीक्षक म्हणून पडद्याआड बसून पुष्कळ उमेदवार ऐकले आहेत. पडद्यापलीकडून पहिल्या काही बारांत तीन गोष्टी कळतात: लय, सूर, आणि हे वाजवणाऱ्याच्या कानात बाकीचा ऑर्केस्ट्रा चालू आहे की नाही. तिसरी गोष्ट घरी पाच तास बंद खोलीत बसून येत नाही. ती तुमच्याकडे आहे.

तुमच्यासारखीच पत्रं मला कायमची नोकरी नसलेल्या वादकांकडून येतात. त्यांचं गणित थोडं वेगळं आहे. पुढचं काम येईल की नाही या भीतीने ते प्रत्येक फोनला हो म्हणतात, आणि सरावाचा तास सर्वांत आधी बळी जातो. त्यांना मी सांगेन की आठवड्यातल्या दोन सकाळी शिकवण्यांतून सोडवून घ्या, आणि त्या दोन सकाळी कोणाचाही फोन आला तरी 'काम आहे' असंच सांगा. ते खोटं नाही. आणि जे हौसेने वाजवतात, दिवसाची नोकरी वेगळी आहे, त्यांना तर पंचवीस मिनिटं आणि एक लिहिलेला प्रश्न एवढ्यावर वर्षानुवर्षं पुढे जाता येतं. तासाभराच्या अपराधी स्केलपेक्षा ते बरंच जास्त आहे.

राहिली तुमची डेस्क-पार्टनर. एका स्टँडवर, एका पार्टवरून वाजवणाऱ्या दोघींनी पाच महिने एकमेकींपासून हे लपवायचं, आणि मध्ये रोज पानं उलटायची, ही शिक्षा तुम्ही दोघीही विनाकारण भोगताय. कानावर आलंय म्हणजे तिच्याही कानावर गेलं असणार. तालमीच्या मधल्या सुट्टीत नको, तिथे सगळे असतात. बाहेर भेटा आणि सरळ सांगा: मी अर्ज करतेय, तूही करणार असशील तर मला आनंद आहे, आणि आपण एकमेकींसमोर यादी वाजवून बघू या का? एकीने दाराकडे पाठ करून बसायचं, दुसरीने वाजवायचं, मग उलट. तुमचा आवाज तिच्याइतका जवळून दुसऱ्या कोणी ऐकलेला नाही, आणि कुठल्या जागा तुम्ही निभावून नेता हे तिला नक्की माहीत आहे. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका, पण सांगून टाका. आणि तुमच्यापैकी एकीला जागा मिळाली तर दुसरीशी आधी कोण बोलणार, फोन करायचा की भेटायचं, हेही आत्ताच ठरवून ठेवा. निकालाच्या दिवशी ते सुचत नाही.